मदत हवी आहे : सीडीएमए रिसीव्हरमध्ये कोडचा लॉक टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आयएस-95 या जुन्या सीडीएमए मोबाइल पद्धतीच्या (एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळ्या कोडने सिग्नल वेगळे ओळखायचे) रिसीव्हरचं सिम्युलेशन करतोय.

पायलटचा (टॉवर सतत पाठवतो त्या ओळखीच्या सिग्नलचा) पीएन कोड, म्हणजे यादृच्छिक भासणारी पण ठरलेली बिटांची माळ, 32768 चिपांचा (चिप म्हणजे या माळेतला एक बिट), वेग सेकंदाला 12.288 लाख चिप. अर्ध्या-अर्ध्या चिपने सरकवत शोधलं की कोरिलेशनचं (आलेला सिग्नल आपल्या कोडशी किती जुळतो त्याचं) टोक लख्ख दिसतं. घोडं अडतं ते ट्रॅकिंगला. कोडची थोडी आधीची आणि थोडी उशिराची प्रत सिग्नलशी जुळवणाऱ्या 'अर्ली' आणि 'लेट' कोरिलेटरमधल्या फरकावर डिले-लॉक लूप (कोडची वेळ सतत दुरुस्त करणारी रचना) चालवतो. एका चिपच्या वेळात सिग्नल सुमारे 244 मीटर जातो. ताशी 60 किमीने टॉवरकडे येणाऱ्या खानापूर-बेळगाव बसमधला फोन धरला, तर साधारण 15 सेकंदांत एक चिप सरकते. तेवढं लूपला झेपतं. पण अर्ध्या चिपच्या उशिराने परावर्तित सिग्नल मिसळला की लूप थेट आणि परावर्तित अशा दोघांच्या मधेच भरकटतो, आणि फेडिंग आलं (सिग्नल मधेच क्षीण झाला) की लॉक सुटतो. लूपची बँडविड्थ कमी केली (म्हणजे तो सावकाश प्रतिसाद देईल असं केलं) तर नॉइझ घटतो, पण सावरायला फार वेळ लागतो.

रेक रिसीव्हरचे (वेगवेगळ्या वाटांनी आलेले सिग्नल एकत्र करणाऱ्या रिसीव्हरचे) फिंगर, म्हणजे एकेका वाटेचा सिग्नल पकडणारे भाग, एकमेकांपासून किमान एक चिप लांब ठेवतात ना? मग अर्ध्या चिपवरच्या या सिग्नलचं काय करायचं? अर्ली-लेटमधलं अंतर कमी करून पाहू का?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलोय, मराठीत समजावलंत तर पटकन डोक्यात बसेल. कोड पाठवायला तयार आहे.