मदत हवी आहे: गल्लीतल्या नळावरच्या मोटारी आणि शेवटच्या घराचं पाणी (सोलापूर, पूर्व भाग)

शेवटचं_घर

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, अशोक चौकाच्या आसपास. नेमकी गल्ली मुद्दाम सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माझीच माणसं आहेत.

आमच्या गल्लीत चौदा घरं. पाण्याची लाईन मोठ्या रस्त्याकडून आत येते आणि आमच्या दारात संपते. पाणी रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात, हे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको आणि हा धागा त्याबद्दल नाही. पाण्याच्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास कोणीतरी हाक देतं, "नीळ्ळू वच्चिनै!" (तेलुगूत "पाणी आलं!"), आणि सगळी गल्ली उठते. पहिली दहा-बारा मिनिटं आमच्या नळालाही चांगली धार असते. मग एका घरात मोटार चालू होते. तिचा आवाज आला की दुसरी, मग तिसरी. एकूण नऊ घरांत मोटारी आहेत, सगळ्या थेट नळाला जोडलेल्या. आमची धार करंगळीएवढी होते, मग दोऱ्याएवढी, आणि मग नळ नुसता फुसफुसतो. गेल्या महिन्यात मी नळाच्या तोंडाला तळहात लावून बघितला, तर हात आत ओढला गेला. पाणी देणारा नळ हवा ओढत होता.

मोबाईलवर वेळ लावून मोजलं. १५ लिटरची बादली मोटारी सुरू व्हायच्या आधी १ मिनिट १० सेकंदांत भरली. नंतरची बादली साडेसहा मिनिटं घेऊनही अर्धीच राहिली. पाण्याची पाळी संपता संपता मोटारी बंद झाल्या की पाच-सात मिनिटं पुन्हा पाणी येतं, पण त्याला गटारीचा वास असतो. ते आम्ही फक्त संडासाला वापरतो. तरी मध्यंतरी धाकटीला जुलाब झाले, आणि माझ्या डोक्यातून ते पाणी काही जात नाही.

घरात आम्ही पाच जण. मी घरीच शिवणकाम करते, नवरा टॉवेलच्या कारखान्यात कामाला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे दोन गल्ल्या पलीकडून घागरी आणायचं काम माझ्यावर आणि मोठ्या मुलावर येतं. त्या दिवशी त्याची शाळा बुडते किंवा तो उशिरा पोचतो.

शेजाऱ्यांशी बोलले नाही असं नाही. प्रत्येकाचं एकच म्हणणं, "सगळेच लावतात, मी एकट्यानं बंद करून काय होणार?" आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नाही. एकानं बंद केली तर त्याचं पाणी दुसरा ओढणार. नवरा म्हणतो, आपणही एक मोटार घेऊन टाकू. पण आम्ही लावली की आमच्या अलीकडच्या तेराव्या घराचं पाणी जाईल, आणि तिथे दोघंच म्हातारी माणसं राहतात. माझ्या हातून ते होणार नाही.

महापालिकेकडे तक्रार करून मोटारी जप्त करायला लावा, असं दोघा-तिघांनी सुचवलं. पण समोरच्या अक्कांनी माझ्या दुसऱ्या बाळंतपणात सव्वा महिना रोज सकाळी बंब पेटवून गरम पाणी आणून दिलं होतं. पहिली मोटार चालू होते ती त्यांच्याच घरात. त्यांच्या दारात पथक उभं करून मी उद्या त्यांच्या ओट्यावर कशी बसू?

म्हणून विचारते आहे. भांडण न होता गल्लीला एकत्र कसं आणायचं, कुणी हे करून बघितलंय का? नाव पुढे न येता अर्ज देता येतो का? आणि तो गटारीचा वास नेमका कुठून येत असेल? उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून आपल्यापर्यंत पोचतं आणि आमच्या गल्लीतल्या शेवटच्या साठ फुटांत अडतं, हे मनाला फार लागतं.

स्पष्ट_बोलतो

ताई, इतका विचार कशाला? पहाटे मोटारींचे व्हिडिओ काढा आणि गल्लीच्या ग्रुपवर टाका. एकदा जप्ती झाली की सगळे सरळ होतात. चांगुलपणानं सोलापुरात पाणी मिळत नसतंय.

शेवटचं_घर

दादा, तुमचा राग समजतो. पण जप्तीनंतर महिनाभरात नवी मोटार येते, हे शेजारच्या गल्लीत बघितलंय. मोटार परत आली, बोलणं मात्र अजून बंद आहे. तो रस्ता मला शेवटचा ठेवायचाय.

नळकाम_वीस_वर्षं

ताई, तळहात ओढला गेला हे तुम्ही लिहिलंत तिथेच अर्धं उत्तर आहे. मोटारी जेवढं पाणी ओढतात तेवढं मागून येत नाही, मग लाईनीत उणा दाब तयार होतो. अशा वेळी जिथे जोड सैल असेल किंवा पाईप गंजलेला असेल तिथून बाहेरचं पाणी आत शिरतं. बाहेर गटार असेल तर गटारीचं. म्हणजे मोटार लावणाऱ्यांच्या घरातसुद्धा तेच पाणी जातंय, फक्त त्यांच्याकडे ते भरपूर पाण्यात मिसळतं म्हणून वास कळत नाही. अक्कांना हे नक्की सांगा. पाणी कमी पडतं म्हटलं की लोक दुसऱ्याची अडचण म्हणून ऐकतात, घाण पाणी म्हटलं की स्वतःची लेकरं आठवतात.

पण आधी तुमचा स्वतःचा जोडपाईप तपासा. मोठ्या लाईनीपासून घरापर्यंतचा तो अर्धा इंची तुकडा. जुन्या वस्तीत तो बऱ्याचदा गटारीतूनच ओढलेला असतो. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) असेल तर गंजून चाळणी झालेला असू शकतो. तो बदलायचा खर्च घरमालकाचा असतो. नवा टाकताना गटारीच्या वरून घ्या, आणि गटार ओलांडावीच लागली तर बाहेरून मोठ्या पाईपचं कवच घाला.

आता मोटारीचं. मोटार असणं चूक नाही, ती नळावर असणं चूक आहे. नळाचं पाणी आपल्या दाबानं खाली हौदात किंवा ड्रममध्ये पडू द्यायचं आणि तिथून मोटारीनं वरच्या टाकीत चढवायचं. मग कितीही चालवा, लाईनीला धक्का लागत नाही. हौदाचं तोंड नळापेक्षा खाली असलं की बारीक दाबालाही तो भरतो. हौदाला जागा नसेल तर जिन्याखाली ड्रम बसतो. काही जण नळच खड्ड्यात उतरवतात, ते करू नका. खड्ड्यात पाणी साचलं आणि उणा दाब आला की तेच साचलेलं पाणी नळात ओढलं जातं.

तुमच्या पहिल्या बादलीचा हिशोब केला. १ मिनिट १० सेकंदांना १५ लिटर म्हणजे तासाला साडेसातशे लिटरच्या वर. सगळे नळ एकदम चालू असताना तेवढं मिळणार नाही, अर्धं धरा. तरी घरटी पावणेचारशे लिटर होतात, आणि तेही कुणाची मोटार न चालता.

हद्दवाढकर

आमचा भाग १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आला. पाण्याचं दुखणं वेगळं होतं पण मोटारींचं भांडण अगदी हेच. आमच्याकडे जे जमलं ते सांगतो.

"मोटारी बंद करा" असं कुणालाच म्हटलं नाही. "फक्त एक पाळी करून बघू" म्हटलं. कायमचं सोडा म्हटलं की माणूस घाबरतो, एका पाळीला नाही म्हणणं त्याला जड जातं. नियम एवढाच केला की पाणी आल्यापासून पहिला पाऊण तास कुणी मोटार लावायची नाही, त्यानंतर ज्याला लावायची त्यानं लावावी. पहिल्या आणि शेवटच्या घराच्या भिंतीवर खडूनं बादल्यांच्या रेघा ओढल्या. पाऊण तासानंतर सगळ्यांनी त्या रेघा जाऊन बघितल्या. दुसऱ्या पाळीला बोलावंच लागलं नाही असं म्हणणार नाही, दोन घरं महिनाभर आडमुठी होती. पण बाकीचे ठाम राहिले.

आणि ताई, पुरुषांची बैठक बोलावू नका. ती अध्यक्ष कोण, माईक कुणाचा यावरच संपते. तुमच्याकडे दुपारी बायका ओट्यावर विड्या वळायला बसतात ना? तिथे बोला. घरातलं पाणी भरायचं त्यांनाच असतं.

अर्जदार

कागदाचं थोडक्यात सांगतो. नाव गुप्त ठेवावं असं अर्जात लिहिता येतं, पण चौदा घरांच्या गल्लीत कुणी लिहिलं ते संध्याकाळपर्यंत कळतंच. त्यापेक्षा अर्ज शेजाऱ्यांविरुद्ध करूच नका, पाईप आणि पाणी यांच्याबद्दल करा: "आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरांना दूषित पाणी येते, लाईनची गळती तपासावी, पाण्याचा नमुना तपासावा." यावर मोटार असणाराही सही देईल. दोन प्रती करा, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच जपून ठेवा. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला उद्या पुरावा नसतो.

लाईन किती इंची आहे, कोणत्या साली टाकली, व्हॉल्व्ह कुठे आहे हे हवं असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. आणि सगळं करूनही काही हललं नाही तर कायमस्वरूपी लोकअदालत लक्षात ठेवा. पाणीपुरवठा आणि स्वच्छता या सार्वजनिक सेवांचे वाद तिथे नेता येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

एक अगदी साधी गोष्ट: पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायला ओटी टेस्ट असते. नमुन्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो. पहिल्या घरात पिवळा आला आणि तुमच्याकडे आलाच नाही, तर मधे काहीतरी आत शिरतंय असं समजायला जागा आहे. अर्जात तपासणी मागताना हीसुद्धा मागा. तोवर प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

शेवटचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. एक पाळी होऊन गेली, काय झालं ते सांगते.

हद्दवाढकर दादांचं ऐकून दुपारी ओट्यावरच विषय काढला. मांडीवर सुपं, त्यात तेंदूची पानं, सगळ्यांची बोटं चालू. मी मोटारीचं नाव न घेता धाकटीच्या जुलाबापासून सुरुवात केली. नळकामवाल्या काकांनी सांगितलं तसं गटारीचं पाणी कसं आत शिरतं ते समजावलं. अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या नातवाला पण मागच्या महिन्यात झालं होतं की." विडीला दोरा बांधायचा हात तेवढा थांबला. त्यांनीच पुढे होऊन बाकीच्यांना तेलुगूत सांगितलं. मी सांगितलं असतं तर अर्ध्या जणींनी ऐकलं नसतं.

नऊपैकी सात घरांनी पाऊण तासाचा शब्द दिला आणि पाळला. दोन मोटारी चालल्या. तरीसुद्धा आमची बादली सुमारे २ मिनिट २० सेकंदांना एक या वेगानं भरत राहिली, धार तुटली नाही. पंचावन्न मिनिटांत तेवीस बादल्या झाल्या. तेराव्या घरातल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पिंप भरलं गं. कित्येक महिन्यांत ते पिंप काठोकाठ भरलेलं मी बघितलं नव्हतं.

वास मात्र पूर्ण गेला नाही. त्याच दिवशी नळवाल्याला बोलावून आमचा जोडपाईप उघडून बघितला. गटारीतून गेलेल्या सहा फुटांत दोन ठिकाणी गंजून भोकं पडली होती. एवढे दिवस मी वासाचा सगळा दोष मोटारींना देत होते, हे अक्कांना जाऊन सांगितलं. पाईप पुढच्या आठवड्यात बदलतोय. तपासणीचा अर्जही लिहिलाय, त्यावर अकरा सह्या झाल्यात, पहिली अक्कांची.

आता अडचण उरली ती चालू राहिलेल्या दोन घरांची. एकाशी बोलणं सुरू आहे. दुसऱ्या घरात आजोबा वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या सुनेला पहाटेच टाकी भरावी लागते, रोज चादरी आणि कपडे धुवायचे असतात. तिला पाऊण तास थांब म्हणायला माझी जीभ उचलत नाही. खाली हौद खणायला जागा नाही. जिन्याखाली तीन फूट बाय दोन फूट मोकळं आहे, उंची एका टोकाला चार फूट. तिथे ड्रम ठेवून छोटी मोटार बसेल का? खर्च आम्ही चार-पाच घरं मिळून उचलायला तयार आहोत.

नळकाम_वीस_वर्षं

बसेल. फार मोठा ड्रम नका घेऊ, दोन फुटांत २०० लिटरचा एक उभा राहतो आणि बाजूला मोटारीला जागा उरते. एवढ्या उंचीला अर्ध्या एचपीची मोटार पुरते. नळाला फ्लोट लावा म्हणजे ड्रम भरला की पाणी आपोआप बंद होईल, आणि ड्रम रिकामा असताना मोटार चालवायची नाही हे सुनेला नीट सांगा, जळते. ड्रम अर्धा झाला की वर चढवायला सुरुवात करायची, तोवर खाली नळ भरतच राहतो. पाऊण तास थांबायची तिला गरजच पडणार नाही.

मी सोलापुरातच असतो. पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी निरोप टाका, येऊन बसवून देतो. सामानाचे पैसे द्या, हातकामाचे नको.