कीवे ब्रोचिंगसाठी आर्बर प्रेस की हायड्रॉलिक?

कीवेवाला: माझं ठाम मत, ६ आणि ८ एमएमच्या कीवेला (पुली किंवा गिअरच्या भोकात चावी, म्हणजे ती शाफ्टवर फिरू न देणारी पट्टी, बसवायची खाच) हाताची रॅचेटवाली आर्बर प्रेसच (हँडलनं दाबायची प्रेस) घ्यावी. लोक फक्त टनेज बघून घेतात आणि मग घरी येऊन कळतं की ब्रोच (खाच कापणारी दातांची लांब पट्टी) उभाच राहत नाही, कारण खाली जॉब, त्यावर बुशची (भोकात बसून ब्रोचला सरळ धरणारा तुकडा) कॉलर, त्यावर ब्रोचची सगळी लांबी, एवढी जागा रॅमखाली (प्रेसचा दाबणारा दांडा) लागते. आधी ती मोजा. मग रॅम धरून हलवून बघा, जिबमध्ये (रॅमला बाजूनं धरणाऱ्या पट्ट्या) ढिला असेल तर ब्रोच तिरका जाणारच.

स्लॉटिंगप्रेमी: नाही पटलं. हब (पुलीचा भोक असलेला मधला भाग) लांब असला की एका वेळी जास्त दात कापतात आणि जोर तेवढाच वाढतो, तिथे हँडलला लोंबकळून पण ब्रोच हलत नाही. हायड्रॉलिक जॅकवाली प्रेस सरळ दाबते, दमायला होत नाही, आणि तिच्यात जागापण भरपूर असते.

कीवेवाला: दाबते, पण सांगत नाही! हँडलवर हाताला लगेच समजतं की दात अडकतोय, चिप्स (कापलेला चुरा) भरल्यात. जॅकला ते काही कळत नाही, तो दाबतच राहतो, आणि हायस्पीड स्टीलचा ब्रोच वाकत नाही, तडकतो. तुकडे उडतात, चष्मा लावा, ब्रोचसमोर तोंड नेऊ नका.

टर्नर_७: दोघांनी एक गोष्ट सोडली. पहिले दोन-तीन दात आत गेले की दाब एकदा सोडायचा, ब्रोच स्वतः सरळ होतो, मग परत दाबायचा. हे जॅकवरपण जमतं, फक्त व्हॉल्व्ह उघडायचा कंटाळा करू नका.

स्लॉटिंगप्रेमी: हे मान्य. पण शिमचं (ब्रोचच्या पाठीमागे ठेवायची पातळ पट्टी) काय? ८ एमएमच्या चावीला हबमध्ये साधारण ३.३ एमएम खोली हवी, ती एका पासमध्ये होत नाही, प्रत्येक पासला एक शिम वाढवायची. दर वेळी हातानं पूर्ण लांबी ओढत बसणार?

कीवेवाला: बसणार, कारण पास संपला की तसाही ब्रोच काढून ब्रशनं दात साफ करायचेच असतात, न केले तर पुढच्या पासला भिंत खरवडते. स्टीलला कटिंग ऑइल दातांना आणि ब्रोचच्या पाठीलापण लावा, पाठ बुशमध्ये घासते ना. कास्ट आयर्न मात्र कोरडंच. आणि खाली लाकूड किंवा चिंधी ठेवा, ब्रोच सुटला की थेट बेडवर आपटतो.

नवीन_मेकॅनिक: मग १ टनची प्रेस चालेल का, मला फक्त ५ एमएम, पुली छोट्या आहेत?

टर्नर_७: ॲल्युमिनियमच्या पुलीला चालेल. स्टील असेल तर ३ टन घे, रॅचेटवाली, म्हणजे हँडल सोयीच्या जागी धरून जोर लावता येतो. आणि बोअरच्या (भोकाच्या) साइझचाच बुश घे, ढिल्या बुशला कुठलीच प्रेस सरळ करत नाही.

स्लॉटिंगप्रेमी: १० एमएमच्या पुढे गेलास तर मात्र हायड्रॉलिककडेच ये, तिथे मी ऐकणार नाही.