दीड हजारांनी घर बदलतं का? (लाडकी बहीण आणि आमचं गाव)

सातबारा:
दिवाळीला गावी जाऊन आलो. औसा तालुका, तीन एकर कोरडवाहू, भावाचं घर. वहिनीला लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार ऑगस्ट २०२४ पासून येतात. पहिले दोन हप्ते राखीपौर्णिमेच्या तोंडावर एकदमच आले होते, ३,०००. घराकडे बघून कुणाला काही कळणार नाही. पत्रे तेच, म्हैस तीच. पण पूर्वी पुतणीच्या वहीपासून दवाखान्याच्या रिक्षाभाड्यापर्यंत वहिनी भावाच्या खिशाकडे बघायची आणि भाऊ आडत्याकडे, म्हणजे बाजारातल्या दलालाकडे. यंदा तिला चष्मा लागला. ती एकटी लातूरला गेली, करून आली आणि घरी आल्यावर सांगितलं. माझ्या मते योजनेचं सगळं मोल त्या 'आल्यावर सांगितलं'मध्ये आहे. पटतंय का?

कापूसकोंड्या:
चष्म्याचं कौतुक आहेच. आता भावाचाही हिशेब मांडा. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२. आम्ही ४,१०० ला घातलं, कारण खरेदी केंद्रावर ओलाव्याचं कारण सांगून माल परत केला. क्विंटलमागे आठशेचा खड्डा. वीस क्विंटल झालं तर सोळा हजार गेले. वहिनींचे वर्षाचे अठरा हजार. उरलं काय? दोन हजार आणि फ्लेक्सवरचे फोटो.

सातबारा:
हिशेब बरोबर आहे. फक्त ते सोळा हजार मिळाले असते तरी आडत्याची उचल कापून, विक्रीच्या पट्टीवर भावाच्या नावाने. वहिनीला ते दिसलेही नसते.

माळावरचा:
खरा प्रश्न कुणी बोलत नाही. पैसे सुरू झाल्यापासून बाया खुरपायला येईनात. तणनाशक मारून मारून रान करपलं.

उभं खुरपं:
दादा, तुमच्याकडे रोज किती? आमच्याकडे ३०० आहे. म्हणजे दीड हजार झाले पाच दिवसांच्या खुरपणीचे. पाच दिवसांच्या पैशावर महिनाभर कोण घरी बसतं? माझी आई रोज जाते, फक्त उधारीवर राबवणाऱ्याकडे जात नाही. "पोळ्याला देतो" म्हणणाऱ्याला आता नाही म्हणता येतं, एवढाच फरक पडलाय.

माळावरचा:
मी रोजच्या रोज देतो.

उभं खुरपं:
मग दर वाढवा, येतील.

कापूसकोंड्या:
माझा मूळ विरोध पैशाला नाही, पैशाच्या बदल्यात जे जातं त्याला आहे. २०२३ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं रेशनचं धान्य बंद करून माणशी महिना १५० रुपये सुरू केले. गव्हाचा भाव चढला तरी पाच किलो धान्य पाच किलोच राहतं. ठरावीक रुपयांत मात्र कमी बसतं. आणि धान्य निदान चुलीपर्यंत पोचायचं. रोख पैसा आला की दारात पहिला कोण उभा असतो? बचत गटाच्या कर्जाचा हप्तेवाला. आमच्या गल्लीत तर हप्ता जमा झाल्याचा मेसेज बाईच्या आधी त्यालाच येतो की काय असं वाटतं.

सातबारा:
रेशनचं शंभर टक्के मान्य. धान्य काढून पैसे देणं आणि धान्य ठेवून वर पैसे देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हप्तेवाल्याचंही खरं. पण ते कर्ज आधीचंच आहे ना? पूर्वी हप्त्याच्या दिवशी वहिनी शेजारणीकडून उसने आणायची.

ओला दुष्काळ:
तुमचा तो 'आल्यावर सांगितलं' मुद्दा आता गेलाच म्हणा. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि त्यात नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार लागला, ओटीपीसकट. नवरा ऊसतोडीला, फोन त्याच्या खिशात, बाई सेतू केंद्रावर रांगेत. दोन्ही नसलेल्या माझ्या चुलत बहिणीने तीन चकरा मारल्या. (निवडणुकीत कबूल केलेल्या २,१०० चं तर नावच काढू नका.)

सातबारा:
हे मात्र लागलं. वहिनीला काल फोन करून विचारलं, सोयाबीनला भाव हवा की हप्ता? म्हणाली, "भाव ह्यांना द्या. माझं माझ्या खात्यात येऊ द्या. आणि तो ओटीपी ह्यांच्या फोनवर कशाला, ते आधी विचारा."

कापूसकोंड्या:
वहिनींना नमस्कार सांगा. सोयाबीनचं मात्र मी सोडणार नाही.