नोकरदार प्रौढांसाठी ऑनलाइन कॅथोलिक धर्मशिक्षण: अभ्यासक्रम आणि वेळ कशी लावायची?

प्रश्न: धर्मग्राम_वसई
आमच्याकडे मुलांचे रविवारचे धर्मशिक्षण व्यवस्थित चालते. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झाले की पुढे काहीच नाही, थेट लग्नाच्या कोर्सलाच गाठ पडते. आता फादरांनी प्रौढांसाठी ऑनलाइन वर्ग काढायला सांगितले आहे. येणारे पंचवीस-तीस जण: विरार लोकलने रात्री नऊच्या सुमारास घरी पोचणारे, दुबई-कुवेतला असलेले, आणि जेवणखाण आटोपल्यावरच मोकळ्या होणाऱ्या बायका. शिकवायचे काय आणि कुठल्या क्रमाने? वार कोणता ठेवावा, अ‍ॅप कोणते? शिवाय दोघांना बाप्तिस्मा घ्यायचा आहे, त्यांना याच वर्गात बसवावे का? सगळे मराठीतून हवे.

उत्तर: वाचनमाला
कॅटेकिझम (कॅथोलिक शिकवणीचा अधिकृत ग्रंथ) पहिल्या पानापासून सुरू करू नका. त्यात २८६५ परिच्छेद आहेत. देवाचे प्रकटीकरण, परंपरा, धर्मग्रंथ एवढ्यातच पहिले काही महिने जातात आणि दमून आलेली माणसे हळूहळू यायची बंद होतात. येत्या रविवारच्या शुभवर्तमानापासून (बायबलमधला येशूच्या जीवनाचा वृत्तांत) निघा आणि त्याला लागून येणारा कॅटेकिझमचा भाग घ्या. मिस्साला (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला) तेच वाचन पुन्हा कानावर पडते, त्यामुळे उजळणी आपोआप होते.

त्यासाठी वर्षचक्र माहीत हवे: रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्यात असतात, दर वर्षी मुख्यतः एका शुभवर्तमानातून. इसवी सनाला ३ ने निःशेष भाग गेला तर क वर्ष (लूक), बाकी १ उरली तर अ (मत्तय), २ उरली तर ब (मार्क). वर्ष मात्र आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीचा काळ) पहिल्या रविवारी बदलते, १ जानेवारीला नाही. म्हणजे २९ नोव्हेंबर २०२६ पासून ब वर्ष.

मार्कचे शुभवर्तमान आखूड. म्हणून ब वर्षात सामान्य काळाच्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरचे आठवडे) १७ ते २१ व्या रविवारी योहानचा ६ वा अध्याय येतो, भाकरीच्या चमत्कारापासून ‘जीवनाची भाकर’पर्यंत. ख्रिस्तप्रसादावरचे (मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या संस्कारावरचे) कॅटेकिझमचे परिच्छेद (१३२२ ते १४१९) तेव्हाच घ्यावेत, वर्षभरात त्याहून चांगली जागा मिळत नाही. २०२७ साली मात्र १५ ऑगस्ट रविवारी येतो, त्या दिवशी मरियेच्या स्वर्गोन्नयनाची वाचने असतील आणि मधला एक तुकडा गळेल. तो वर्गात वाचून घ्या.

उत्तर: रात्री_साडेनऊ
मंगळवार, भारतीय वेळ रात्री ९.३०. तेव्हा दुबईत ८ आणि कुवेतला ७ वाजलेले असतात. बुधवारी अनेकांची नोव्हेना (ठरलेली भक्तिप्रार्थना) असते. रविवार सोयीचा वाटतो, पण कुवेतला तो कामाचा दिवस. यूएईत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल सहसा लागत नाहीत, त्यामुळे ‘ग्रुप कॉल करू’ ही कल्पना सोडून द्या.

मोफत झूम ४० मिनिटांनी बंद पडते. वर्ग ३८ मिनिटांचाच आखा, नाहीतर शेवटच्या प्रार्थनेतच स्क्रीन काळी होते. शुभवर्तमानाचे वाचन ४, समजावणे १२, चार-पाच जणांच्या छोट्या खोल्यांत चर्चा १५, परत येऊन प्रत्येक गटाचे एक वाक्य ४, प्रार्थना ३. समजावणे १२ वरून २५ वर गेले की सगळे कॅमेरे बंद होतात आणि वक्त्याला ते कळतही नाही. खोलीत पाठवताना एकच प्रश्न द्या, आणि तो खोल्या उघडण्याआधी चॅटमध्ये टाका. तिथे गेल्यावर ‘प्रश्न काय होता?’ यातच वेळ जातो.

एकत्र रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचा मोह आवरा. प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो, दुसऱ्या नमो मरियालाच गलका होतो. एकाने सुरुवात म्हणायची, ठरलेल्या एकाच माणसाने उत्तर द्यायचे, बाकीचे माइक बंद ठेवून घरात मोठ्याने. नवराबायको एकाच खोलीतून दोन फोनवर आले की आवाज घुमतो. एक फोन बंद करायला लावा.

मजकुराचे आणखी एक दुखणे: जुनी मराठी पुस्तके श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. त्यातून कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले की अगम्य चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा सरळ पानाचा फोटो पाठवा.

गटांतल्या बोलण्याचे रेकॉर्डिंग करू नका. कुणी घरातले दुःख बोलतो आणि क्लिप नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते. फक्त १२ मिनिटांचे समजावणे रेकॉर्ड करा, वर्ग चुकलेल्यांना तेवढे पुरते.

उत्तर: चारखांबी
वाचनमाला यांच्याशी अर्धाच सहमत. नुसत्या रविवारच्या वाचनांवर गेलात तर कॅटेकिझमचा नैतिक जीवनावरचा तिसरा भाग (परिच्छेद १६९१ ते २५५७) तुकड्यातुकड्यानेच येतो. कामगाराची मजुरी, खाजगी मालमत्ता, कर चुकवणे हे विषय प्रौढांच्या रोजच्या व्यवहारातले, आणि तेच सुटतात. दर चौथा मंगळवार अशा एखाद्या विषयासाठी राखून ठेवा. तयारीला ५९८ प्रश्नोत्तरांचा २००५ चा संक्षिप्त कॅटेकिझम हाताशी असू द्या, एका बैठकीला चार-पाच प्रश्न पुष्कळ झाले.

बाप्तिस्मा घेणाऱ्यांना या वर्गात जरूर बसवा, पण त्यांची तयारी एवढ्यावर भागत नाही. प्रौढांच्या दीक्षाविधीचे टप्पे समुदायासमोर, चर्चमध्येच होतात: स्वीकारविधी, उपवासकाळाच्या (ईस्टरआधीचा प्रायश्चित्ताचा काळ) पहिल्या रविवारी निवडविधी, ३, ४ आणि ५ व्या रविवारी परीक्षणविधी, मग ईस्टरच्या जागरणात बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद एकत्र. परीक्षणाच्या रविवारी शोमरोनी स्त्री, जन्मांध आणि लाजरस ही अ वर्षाची शुभवर्तमाने चालू वर्ष कोणतेही असले तरी वाचतात. आधी दोघांचीही चौकशी करा. दुसऱ्या पंथात वैध बाप्तिस्मा झालेला असेल तर तो पुन्हा देत नाहीत आणि दीक्षार्थींच्या रांगेत बसवतही नाहीत, त्यांचा मार्ग वेगळा. बाप्तिस्म्याचा दाखला मागवायला वेळ लागतो, आत्ताच मागवा.

पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) ऑनलाइन होत नाही, हे गल्फवाल्यांना पहिल्याच दिवशी सांगा. तिथल्या धर्मग्रामातच जायचे.

धर्मग्राम_वसई
आभार. एक अडचण: मोबाइलच्या मराठी बायबलमध्ये बेनसिराचे पुस्तक सापडत नाही.

उत्तर: वाचनमाला
बहुतेक मराठी अ‍ॅपमध्ये ६६ पुस्तकांचे प्रोटेस्टंट बायबल असते. आपले ७३ चे. तोबित, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख, मक्काबींची दोन पुस्तके आणि दानीएल-एस्तेरचे काही भाग त्यात नसतात. पवित्र कुटुंबाच्या सणाचे पहिले वाचन बेनसिरा ३ मधले असते, तेव्हा हा घोळ हमखास होतो. छापील कॅथोलिक आवृत्तीतून ते पान आदल्या रविवारीच ग्रुपवर टाका. स्तोत्रांचे क्रमांकही पाहून घ्या, काही कॅथोलिक पुस्तकांत स्तोत्र २३ हे २२ म्हणून छापलेले असते.

आणि नोट्स वाटण्याआधी फादरांना दाखवा. प्रौढांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ७७६ नुसार धर्मग्रामप्रमुखाचीच आहे. यूट्यूबवरचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा असेल तर बोलणारा कोण, कुठल्या धर्मप्रांताचा, हे आधी बघा. चॅनलच्या नावात कॅथोलिक आहे एवढे पुरेसे नाही.