झाकणाचा 'खण'

खिडकीतली:
घर तिसऱ्या मजल्यावर, अगदी रस्त्याला लागून. रहदारीची सवय झालीये, ती आता कानावरून जाते. छळतंय ते खिडकीखालच्या गटाराचं सैल झाकण. गाडीचं पुढचं चाक गेलं की 'खड', मागचं गेलं की 'खण'. स्कूटरचे दोन्ही आवाज जवळजवळ एकदमच येतात. पण ट्रक असला की मधे एवढा वेळ जातो, की 'खण' होईपर्यंत मी श्वास धरून पडलेली असते. कधी कधी तो होतच नाही! मागचं चाक चुकलेलं असतं बहुधा. मग तर झोपेचं खोबरंच.

परवा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, रात्री दात खाता का? दाढा झिजल्यात म्हणे. नवऱ्याला हा आवाज ऐकूच येत नाही. तू लक्ष देतेस म्हणून होतं, असं त्याचं मत. अख्ख्या रस्त्याच्या गोंगाटापेक्षा एका झाकणाचा ताण जास्त कसा? की माझंच काहीतरी बिघडलंय?

कापूसवाला:
कानात बोळे घाला. होते सवय.

रात्रपाळी:
सवय मनाला होते, शरीराला पुरती होत नाही. झोपेत जाग आली नाही तरी आवाजासरशी हृदयाचे ठोके वाढतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या शिफारशीत रात्रीच्या वाहनांच्या आवाजाची सरासरी घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावी असं आहे. पण सरासरीच ती, तुमचा 'खण' तिच्यात दिसेलच असं नाही. तेव्हा किती वेळा वाजतं ते मोजून लिहून ठेवा. आणि जाड पडद्यांवर पैसे घालवू नका, आधी खिडकीच्या फटी बुजवा.

जुना_वाचक:
ताई, तुमचं काही बिघडलेलं नाही. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ च्या सुमारास नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना कामाला बसवून मधेच, कधीही, मोठा आवाज ऐकवायचे. काहींच्या हाताशी एक बटण दिलं: अगदीच असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो नको. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतर न सुटणारी कोडी दिली तेव्हा बटणवाले जास्त वेळ चिकाटीनं झटले, मुद्रितशोधनात चुकाही कमी केल्या. आवाज दोघांनी तेवढाच ऐकला होता. तुमच्या झाकणाला वेळापत्रक नाही आणि तुमच्याकडे बटण नाही, एवढंच.

उपायही आहे. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेशेजारून उन्नत रेल्वे जायची. त्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात मागे पडतात, असं आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवलं. मग रुळांखाली रबराच्या गाद्या बसल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं आली, आणि पुढच्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. तुमच्या झाकणालाही कडेनं रबर लागेल. रस्तेवाल्यांकडे अर्ज करा, तोंडी सांगू नका.

खिडकीतली:
मोजलं. अकरा ते बारात ४१ वेळा, पैकी सहा नुसतेच 'खड'. तक्ता जोडून अर्ज दिला. तिथल्या माणसानं तक्ता उलटसुलट करून पाहिला, 'हे सगळं तुम्ही जागून लिहिलंत?' म्हणाला आणि पोच दिली.

काम अजून झालेलं नाही. रात्री पोचेचा कागद उशाशी ठेवून पडले होते. नवरा सकाळी सांगतो, एक ट्रक असा गेला की तोच दचकून उठला. मला काहीच कळलं नाही.