आधी रॅक, मग माईक? हे कुठलं शास्त्र?

गेनकरी:
परवा इथेच एकाने छातीठोकपणे लिहिलं की घरच्या स्टुडिओसाठी आधी ५०० सिरीजचा रॅक (छोटे मॉड्यूल खणांत बसवायची, त्यांना वीज देणारी पेटी) घ्या, त्यात दोन तरी ट्रान्सफॉर्मरवाले प्रीअँप (माईकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे) बसवा, माईकचं मग बघू. इंटरफेसमधले (माईक संगणकाला जोडणाऱ्या डब्यातले) प्रीअँप म्हणजे खेळणी. खाली "अगदी खरं" म्हणणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माईकच्या जागी १५० ओहमचा साधा रेझिस्टर घ्या. काहीही न करता, केवळ उष्णतेमुळे त्याचा स्वतःचा नॉइज (हिस) साधारण -१३१ डीबीयू असतो (डीबीयू म्हणजे सिग्नलच्या पातळीचं माप, आकडा जितका खाली तितका नॉइज कमी). त्याच्या खाली कुणाचाच बाप जाऊ शकत नाही. आजचे बरेचसे मध्यम किमतीचे इंटरफेस -१२८ च्या आसपास आहेत. म्हणजे जगातला सर्वांत भारी प्रीअँप आणला तरी या बाबतीत हाती लागणार ३ डीबी. आणि तुमच्या खोलीतला पंखा? संगणकाचा घुंऽऽ? भिंतीवरून उलटून येणारा आवाज? ते सगळं त्या भारी ट्रान्सफॉर्मरमधून अगदी इमानेइतबारे रेकॉर्ड होणार आहे.

आधी खोली, मग माईक, मग तो कुठे आणि कसा धरायचा. प्रीअँपचा नंबर त्यानंतर.

लोखंडी_कान:
आला, स्पेसिफिकेशन वाचून संगीत ऐकणारा आला. नॉइजसाठी कोण घेतंय ट्रान्सफॉर्मर? एपीआय कंपनीच्या ३१२ जातीचा ट्रान्सफॉर्मरवाला प्रीअँप घ्या, गेन (सिग्नल किती वाढवायचा तो) चढवा, आउटपुटचा नॉब खाली ओढा. स्नेअर ड्रमच्या फटक्याचं टोक कसं गोल होतं ते ऐका. इंटरफेसचा प्रीअँप तसा ढकलला की फक्त फाटतो. मी ज्या बँडबरोबर काम करतो त्यांचा ड्रमर हेडफोन काढून म्हणाला, "आज काय बदललंस?" त्याला तुझे -१३१ माहीत नाहीत.

गेनकरी:
ड्रमरला सांगितलं होतंस का, की आज नवीन पेटी आणलीय? आणि लेव्हल सारखी केली होतीस? अर्धा डीबी मोठं वाजलं तरी माणूस "उबदार" म्हणतो.

मधलीसुट्टी:
दोघांच्या भांडणात एक विचारतो. रॅकचं आउटपुट इंटरफेसच्या कुठल्या भोकात घालता? माझ्या ओळखीचे निम्मे लोक एक्सएलआर (माईकच्या तीन पिनच्या) केबलने सरळ माईक इनपुटमध्ये घालतात. म्हणजे हौसेने आणलेला प्रीअँप पुन्हा त्याच "खेळण्यातून" जातो! मागच्या लाइन इनमध्ये (आधीच मोठ्या केलेल्या सिग्नलच्या भोकात) घाला, नाहीतर रॅक शोभेचा. काही इंटरफेसमध्ये पुढचं लाइन इनपुटसुद्धा आतून माईक प्रीअँपमधूनच फिरवलेलं असतं, तेही बघा.

लोखंडी_कान:
हे बरोबर आहे. (गेनकरी, बघ, मी मान्य करू शकतो.)

जुनी_तार:
माझं गाऱ्हाणं वेगळंच आहे. स्टेप (ठरावीक टप्पे) नसलेले गेन नॉब! पाऊण फेरी फिरवा, काही होत नाही. शेवटच्या चिमूटभर जागेत १५ डीबी उडी. दोन मॉड्यूल स्टिरिओसाठी जुळवायला बसा म्हणजे कळेल. त्यातून काही रॅकमध्ये पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर आतच असतो. त्याच्या शेजारच्या खणात तुमचा इनपुट ट्रान्सफॉर्मरवाला प्रीअँप बसला की गुरगुर सुरू. मी मॉड्यूल उचलून लांबच्या खणात नेलं, मधला खण रिकामा ठेवला, तेव्हा कुठे थांबली. आणि हो, मॉड्यूल काढताना रॅक बंद करा. चालू असताना ओढणारे वीर मी पाहिलेत.

रिबनवाली:
मॉड्युलरचा खरा फायदा कुणी बोलतच नाही. फँटमचं (केबलमधूनच माईकला वीज देण्याचं) बटण प्रत्येक मॉड्यूलवर वेगळं. माझ्या इंटरफेसवर एक बटण दाबलं की दोन्ही चॅनलना ४८ व्होल्ट जातात. एकीकडे ती वीज लागणारा कंडेन्सर माईक, दुसरीकडे पातळ धातूच्या पट्टीचा रिबन माईक, आणि माझा जीव टांगणीला.

गेनकरी:
फँटमने रिबन मरतो ही दंतकथा आहे. दोन्ही तारांवर सारखाच व्होल्टेज, मग रिबनमधून करंट वाहणार कसा?

रिबनवाली:
पुस्तकातल्या केबलमध्ये नाही वाहत. खऱ्या केबलमध्ये एक तार शॉर्ट असते. पॅचबेमध्ये (केबल जोडायच्या फळीत) टीआरएस प्लग घालताना क्षणभर एकच बाजू टेकते, झटका बसतो आणि पट्टी ताणून लोंबते. माझ्या मैत्रिणीचा माईक असाच गेला. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवला, पट्टी चुंबकाला चिकटलेली. ये, तिला सांग दंतकथा म्हणून.

लोखंडी_कान:
😂 गेनकरी, आता?

गेनकरी:
पॅचबेतून फँटम पाठवणाऱ्याचीच चूक आहे, रिबनची नाही आणि फँटमचीही नाही.

रिबनवाली:
म्हणजे मरतो. धन्यवाद.

जुनी_तार:
रिबनचा विषय निघालाच आहे तर, त्याला गेन किती लागतो ते बोला. शूअर कंपनी स्वतःच तिच्या एसएम७बी माईकला किमान ६० डीबी सांगते, आणि काही जुने रिबन त्याहून मुके. जुन्या इंटरफेसचा नॉब ५५ च्या आसपास संपतो, आणि शेवटी शेवटी हिस सोडतो. इथे स्वच्छ ६५-७० देणारा मॉड्यूल चैन नाही, गरज आहे.

गेनकरी:
किंवा फँटमवर चालणारा छोटा बूस्टर लावा, २५ डीबीच्या आसपास मिळतात. रॅक कशाला?

लोखंडी_कान:
बघा, सगळं चालेल, फक्त रॅक नको!

मधलीसुट्टी:
रॅक घेणाराने एक तपासा. ५०० सिरीजच्या मूळ एपीआय पद्धतीत ±१६ व्होल्ट आणि दर खणाला १३० मिलिअँप. काही मॉड्यूल, विशेषतः ट्यूबवाले, त्याहून जास्त ओढतात. सगळ्या खणांची बेरीज करून मगच रॅक निवडा. खण मोजून घेणारे नंतर पॉवर सप्लायच्या नावाने बोंबलतात.

गेनकरी:
ठीक. एकच माईक वापरणाऱ्याने, गेन कमी पडतोय म्हणून, दोन खणांचा रॅक आणि एक मॉड्यूल घेतला तर मी काही बोलणार नाही. ड्रमवर ट्रान्सफॉर्मर ढकलायचा असेल तर तेही घ्या. माझं भांडण "आधी रॅक, मग माईक"शी आहे, ते चालूच राहील.

लोखंडी_कान:
एवढं म्हणायला इतका वेळ लावलास. आता तुझ्या त्या सर्वज्ञ इंटरफेसवर आणि माझ्या ३१२ वर एकच गाणारा रेकॉर्ड करू, लेव्हल तूच जुळव, फायलींची नावं रिबनवाली बदलेल, म्हणजे कुठली कशाची ते कळणार नाही.

रिबनवाली:
बदलते. पण फँटम बंद आहे की नाही हे मी बघणार.