मदत हवी आहे: इन्फ्लिक्सिमॅबची रक्तातील पातळी जळगाव-धुळे भागात कुठे तपासून मिळेल?

सर्वांना नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्सचा आजार (आतड्यांना दीर्घकाळ सूज येणारा विकार) असून त्याला दर ८ आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून दिले जाते. सुरुवातीला उत्तम गुण आला. आता मात्र पुढच्या डोसची तारीख जवळ आली की पोटातली कळ आणि जुलाब पुन्हा सुरू होतात, आणि केळीला पाणी द्यायची पाळी असली तरी तो घराबाहेर पडायला धजावत नाही.

डॉक्टरांनी औषधाची पातळी आणि औषधाविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तपासायला सांगितली आहेत. रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्यायचे असते. आजार सक्रिय असताना ही पातळी प्रति मिलिलिटर किमान ५ मायक्रोग्रॅम असावी, असे अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सुचवतात. पातळी कमी असून प्रतिपिंडे नसतील, तर डोस वाढवता येतो किंवा दोन डोसमधले अंतर कमी करता येते. प्रतिपिंडे भरपूर असतील तर बहुधा औषधच बदलावे लागते. एवढ्या महागड्या औषधाचा निर्णय अंदाजाने होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात नमुना घेऊन, सीरम (रक्तातला द्रव भाग) वेगळे करून, थंड पेटीतून मुंबई-पुण्याला पाठवणारे संकलन केंद्र कुणाला ठाऊक आहे का? आपल्याकडच्या उन्हात नमुना खराब होऊ नये म्हणून काय काळजी घेतली जाते, खर्च किती येतो आणि पुढची तपासणीही त्याच पद्धतीने होईल का (वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत), हेही अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.